तारखेचा नाताळ आणि तिथीचा नाताळ

लिहून ठेवणार: रंभाबाई, कै. मुखरू यांची विधवा, वय चौसष्टच्या आसपास, पूर्वीची शाळामास्तरीण, धर्माने ख्रिस्ती, राहणार मौजे येरमटोला, तालुका गडचिरोली, जिल्हा चांदा.

माझे डोके ठिकाणावर आहे. दम लागतो तो फक्त तळ्याची पाळ चढताना. कोणी धाकदपटशा दाखवून हे लिहून घेत नाही. मला धाक दाखवणारा माणूस या गावात अजून झालेला नाही. मला मूलबाळ नाही, म्हणून माझ्यामागे कोणाचे काय, हे मी आज नाताळच्या सकाळी, ओसरीत बसून स्वतःच्या हाताने लिहिते.

एक. माझे कौलारू घर, परसातल्या मोहाच्या झाडासकट, माझा धाकटा भाऊ गोविंदा याची मुलगी कुंता हिला द्यावे. तिला एकच अट आहे. या घरात वर्षाला दोन नाताळ झाले पाहिजेत.

ही अट वाचून कोणी मला वेडी ठरवू नये, म्हणून खुलासा करते.

आमचे वडील इस्तारी हे ढिवर, तळ्यातल्या मासळीवर जगणारे. ते ख्रिस्ती झाले त्या वर्षी आमच्या घरी पहिला नाताळ झाला. पाद्रीसाहेब निघताना वडिलांनी त्यांना विचारले, पुढचा नाताळ कधी? साहेब म्हणाले, दरवर्षी याच दिवशी. वडिलांनी वर पाहिले. तळ्यावर पौषातल्या चवथीची कोर होती. त्यांनी ती मनात पक्की केली. त्यांच्या लेखी दिवस म्हणजे तिथी. भिंतीवरचे कॅलेंडर त्यांनी तोवर पाहिलेही नव्हते.

दुसऱ्या वर्षी पौष उशिरा आला. पाद्रीसाहेबांनी डिसेंबरात नाताळ केला, आम्ही त्यांच्या देवळात जाऊन गायलो, संत्री खाल्ली. मग संक्रांतीच्या तोंडावर चवथीची कोर दिसली आणि वडिलांनी पुन्हा नाताळ मांडला. बांबूच्या कामट्यांची चांदणी मोहावर चढवली, तळ्यात जाळे टाकले, आईने करंज्या तळल्या. साहेब समजावून थकले. वडिलांचे उत्तर ठरलेले: "सायेब चांगला मानूस हाये, पन हिशोबात चुकते."

आम्हा दोघा भावंडांची चंगळ झाली. सणाला जेमतेम एक नवा कपडा मिळायचा त्या काळात आम्हाला दोन नाताळ मिळाले. गोविंदा तर देवळातले संत्रे तिथीच्या नाताळसाठी मडक्यात लपवून ठेवायचा आणि दरवर्षी ते नासायचे. तरी पुढच्या वर्षी पुन्हा ठेवायचा. आमचे हिंदू काका-काकू देवळाच्या नाताळला यायला बिचकत. चवथीच्या नाताळला मात्र सगळे हजर. काकूचा त्या दिवशी विनायकीचा उपास असे. ती मासळीकडे पाठ करून रताळी खाई आणि येशूची गाणी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणे. त्या घरातल्यासारखा आनंद मी नंतर कुठे पाहिला नाही.

दोन. शिवणयंत्र शेजारच्या मंगलीला द्यावे. तिने ते मागितले नाही, म्हणूनच.

तीन. पितळी गंज, म्हणजे माझे भाताचे मोठे भांडे, देवळाला द्यावा. त्यावर माझे नाव आहे ते घासून काढू नये. मागे एकदा देवळाच्याच एका पंचाने माझी परात नेऊन 'सापडत नाही' म्हटले होते. त्याच्या घरी लग्नात मी तिच्यातच जेवण वाढलेले पाहिले. ती परात मी त्याला या कागदाने माफ करते, आता तरी उघड वापरावी.

चार. गोविंदा इस्तारी यास मी काहीही देत नाही.

हे रागाने नाही. राग आहे, तो वेगळा. वडील असताना एका वर्षी तारीख आणि तिथी एकाच दिवशी आली. वडील खूश होऊन म्हणाले, "पाह्य, सायेब शेवटी सुदरला." त्यानंतर ते गेले. पुढच्या नाताळला मी तारखेला पान मांडून गोविंदाची वाट पाहिली. तो आला नाही. निरोप आला, "बापाचा नाताळ पौषात ऱ्हायते, बाईनं तवा यावं." मीही गेले नाही. माझा जन्म फळ्यावर तारीख लिहिण्यात गेला, त्याचा चंद्र पाहून जाळे टाकण्यात. दोघेही बापाचीच मुले, हटणार कोण? तेव्हापासून माझ्या करंज्या त्याच्या घरी जातात, त्याची मासळी माझ्या घरी येते, ने-आण कुंता करते. पण एका पंगतीला आम्ही बसलो नाही. मला त्याची फार आठवण येते. मासळी रांधते आणि एकटी खाते.

तारीखच बरोबर, हे मात्र इथे नोंदवून ठेवते.

आज एकोणीस वर्षांनी तारीख आणि तिथी पुन्हा एका दिवशी आली आहे. आता न येण्याला त्याच्याकडे सबब उरलेली नाही. पुन्हा असा दिवस येईल तेव्हा मी नसेन. गडचिरोलीच्या अर्जनविसांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष घालू नये, दिलेले फुकट जाते. साक्षीदार गावात ढीगभर मिळतील. मला साक्षीला गोविंदा हवा आहे, म्हणून त्याला काही दिले नाही. त्याला घर देण्यापेक्षा मला भाऊ ओसरीत बसलेला पाहायचा आहे. कुंताला निरोप घेऊन पाठवले आहे. भात चुलीवर आहे. पहिले साक्षीदार येऊन बसले आहेत आणि दोनदा चहा प्यायले आहेत.

पाच. माझ्या मातीला शाळेची मुले आणावीत. रडणे थोडक्यात आटोपावे.

हे मी वाचून, समजून, राजीखुशीने सही केली.

रंभाबाई मुखरू

साक्षीदार पहिले: लटारू, टपालवाले, राहणार येरमटोला. सही.

साक्षीदार दुसरे: गोविंदा इस्तारी, राहणार तळ्यापलीकडे. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

(दुसरे साक्षीदार दुपारी आले. जाळे खांद्यावर, धोतर ओले. कागद सगळा लटारूंकडून वाचून घेतला. चौथ्या कलमाला डोळे पुसले. मग म्हणाले, "बाई, बापाची तिथी पयले लिही, तारीख मंग. तवाच अंगठा देतो." सुरुवातीला मी नाही म्हटले. मग लिहिली. आता पाने वाढली आहेत.)

मौजे येरमटोला.
मिती पौष शुद्ध चतुर्थी, शके १८७९.
तारीख २५ डिसेंबर १९५७.