तोंडी परीक्षेतलं भांडण

ती. आत्याला नमस्कार.

तुझा गुडघा आता मांडी घालू देत असेल अशी आशा. इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून. (ताप वगैरे नाही. पण एका जागी बसवत नाही. हे पत्रही निम्मं टेबलावर, निम्मं खिडकीत लिहितेय. आई म्हणते, पायाला भिंगरी लागलीय.)

कारण इंग्रजी. म्हणजे इंग्रजी आणि टाचणी. टाचणी ही माझी पहिलीपासूनची मैत्रीण. अंगानं बारीक आणि बोलणं टोचणारं, म्हणून टाचणी. यंदा शाळेत इंग्रजी नाटक आहे. त्यातली राणी सरांनी मला देऊ केली होती. मी पडशामुळे एकच दिवस घरी राहिले, तर दुसऱ्या दिवशी टाचणी राणी आणि मी दासी क्रमांक दोन! (दासी क्रमांक एकला निदान एक वाक्य तरी आहे.) मी तिला अवाक्षर बोलले नाही. नुसते गाल फुगवून बसले.

तशात इंग्रजीची तोंडी परीक्षा आली. दोघींनी मिळून संवाद करायचा, विषय चिठ्ठी काढून. आमच्या नशिबी आली गळकी छत्री. मी गिऱ्हाईक, ती दुकानदार. समोर दुसऱ्या शाळेतून आलेल्या परीक्षक बाई, बाजूला आमचे सर, देवाचा धावा करत असल्यासारखे. पहिली वाक्यं पोपटासारखी झाली. मग मी म्हटलं, ही छत्री गळते. ती म्हणाली, तुला नीट वापरताच येत नाही. ('तुला'वर जोर. तो पुस्तकात नव्हता.) मी म्हटलं, तू दुसऱ्याच्या वस्तू न विचारता घेतेस. ती म्हणाली, मला दिली म्हणून घेतली, आणि तू तोंड उघडलं असतंस तर तिथल्या तिथे परत केली असती! आत्या, सर वर्षभर घसा फोडून जी जर-तरची वाक्यं शिकवत होते, ती रागाच्या भरात आमच्या तोंडून बिनचूक बाहेर पडत होती. शेवटी मी रडले, मग तीही. बाईंनी चष्मा पुसला आणि "काय सहज अभिनय!" म्हणत पैकीच्या पैकी गुण दिले.

आता तोच संवाद संमेलनात सगळ्या पालकांसमोर करायचाय. आणि आम्ही तर बोलत नाही. तालमीत सर डोकं धरून बसतात, "अगं, तो राग कुठे गेला?" मलाही माहीत नाही, आत्या. सगळं बोलून झाल्यावर उरलाच नाही. पण आधी बोलायचं कुणी? माझं काही अडलेलं नाही. (मधल्या सुट्टीत एकटी बसते, त्यामुळे कवितांचा अभ्यास चांगला होतो. कवितेत सगळे एकटेच असतात.)

तुझी भाची

ता. क. रविवारी ये ना. टाचणीला तू फार आवडतेस. तू आलीस की ती आल्याशिवाय राहणार नाही. मी बोलावलं असं मात्र सांगू नकोस.

आणखी ता. क. आत्या, मी टाचणी. पत्र पेटीत टाकायला हिच्या आईनं जिन्यात माझ्याच हातात दिलं आणि पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. (वाचलं. वाचायला नको होतं.) मी जिन्यात काय करत होते ते विचारू नका. रोजच असते, वर जाऊन दार वाजवणं जमत नाही. आज वाजवतेय. तुम्ही रविवारी तरीही या. फक्त आमच्या सरांना कळू देऊ नका. संमेलन होईपर्यंत आमचं कडाक्याचं भांडण आहे.