सतरा तास की तेरा

दि. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र पोचलं. बाळंतपणात भावोजींना रजा नाही हे वाचून आईने लगेच पिशवी काढली होती. घोळ मी घातला. दुकानातल्या भिंतीवरच्या नकाशावर आपलं शहर ते तुझं शहर टेप लावून दोनदा मोजलं. पंधरा हजार तीनशे किलोमीटर भरले. विमान तासाला नऊशे जातं, म्हणजे सतरा तास. हे मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. एवढं बसायला मी काय पुतळा आहे, म्हणाली, आणि पिशवी माळ्यावर गेली. तिचे गुडघे तुला ठाऊकच आहेत. आता काय करू?

लोभ आहे तेवढा राहू दे, एक सूतही कमी नको.

तुझा धाकटा


दि. १८ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाचं माप तू भिंतीवर घेतोस का? पृथ्वी गोल आहे. नकाशा म्हणजे तिला इस्त्री करून सपाट केलेली. वरच्या अंगाला कापड ताणलं जाणारच. पृथ्वीचा गोल मिळव आणि त्यावर दोरा धर.

डॉक्टरीणबाई मेचा पहिला आठवडा सांगतात. चेष्टा करते आहे खरी, पण आई आली नाही तर माझा धीर टिकणार नाही. तू उसवलंस, तूच शिव.

वाट पाहणारी,
ताई


दि. १२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

भूगोलाच्या मास्तरांचा कोट अस्तराला आला आहे. त्यांच्याकडून गोल आणला. दोरा ताणून धरला तर अकरा हजार सातशे! म्हणजे तेरा तास. पण आई म्हणते, काल सतरा, आज तेरा. अशा शिंप्याकडे मी रुमालसुद्धा टाकणार नाही.

म्हणून रविवारी दुकानात तीन खुर्च्या खेटून मांडल्या. खिडकीशी शेजारच्या काकू, मध्ये आई, कडेला मी. सकाळी सातला निघालो. जेवण मांडीवर. दर दोन तासांनी आईने कापडाच्या कपाटापर्यंत फेरी मारायची, असं ठरवलं. पाचव्या तासाला मला तिच्या खांद्यावर झोप लागली. सातव्याला काकू दूध तापवायचं आहे म्हणून मध्येच उतरल्या. नवव्याला माझ्या पायात गोळा आला, तो आईनेच चोळला. मी बेतून दिलेली अकरा झबली तिची शिवून झाली. रात्री आठला ती उठली, गुडघे झटकले आणि मला विचारलं, पोचलो ना, मग नातवंड कुठे आहे?

तिकीट काढलं आहे. २२ एप्रिल.

माया अशीच अंगाबरोबर बसती ठेव.

धाकटा


दि. ९ मे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मुलगी झाली. ताई सुखरूप आहे. नाक तुझं आहे, इलाज नाही. विमानात तेरा तास आणि वर दहा मिनिटं लागली. दहा मिनिटं तुला माफ. शेजारचा माणूस तुझ्यासारखाच खांद्यावर झोपला, त्यामुळे परकं काही वाटलं नाही. झबली मात्र सगळी मोठी झाली. तीही तू भिंतीवरच बेतली होतीस का?

परतीला वारा उलटा असतो, साडेचौदा तास लागतात, असं ताई सांगते. कापड कुठूनही मोजलं तरी तेवढंच भरतं, असं तू म्हणशील. या छोटीला एकदा मांडीवर घे, मग परतीची वाट केवढी भरते ते सांग. मी येईपर्यंत माझी खुर्ची हलवू नकोस.

वेळेवर जेवत जा.

तुझी आई