मला आधीपासून ओळखणारा

हॅनकॉक, मिशिगन
११ फेब्रुवारी

प्रिय रेनो,

बरा असशील. आम्ही बरे आहोत. बर्फ खिडकीच्या वर आलंय, डेलने काल पायऱ्यांवरून घसरून कंबर आपटून घेतली, आणि शाळेची बस मी अजून चालवते. सहा वर्षांनी भावाला पत्र लिहिताना बाई आणखी काय लिहिणार? पाकिटावरचं अक्षर बघून तू ते थेट शेगडीत टाकलं नाहीस, एवढं धरून चालते.

आता सरळ कामाचं. मला तू हवा आहेस. मिनिॲपोलिसच्या हॉस्पिटलात बाबांच्या आजारावर संशोधन चालू आहे. एका नव्या औषधाच्या चाचणीत मला घ्यायला ते तयार आहेत, पण सोबत एक माणूस लागतो, मला वर्षानुवर्षं ओळखणारा. हा डिमेन्शिया, म्हणजे मेंदू झिजण्याचा आजार, पण आठवण जाण्यातला नव्हे. नावं-गावं सगळं आठवतं, पण माणूसच बदलतो, आणि ज्याचा बदलतो त्याला पत्ता नसतो. म्हणून ते दुसऱ्याला विचारतात. मार्चअखेर असा माणूस मिळाला नाही, तर माझी जागा गेली.

डेल काय मेला का, असं म्हणशील. नेला होता डेलला. तिथल्या नर्स रोझलिनने विचारलं, "ह्या समोरच्याचा विचार न करता फटकन बोलतात का?" डेल म्हणाला, "हो." "कधीपासून?" "लग्नाच्या दिवसापासून." पुढच्या प्रत्येक प्रश्नाला त्याचं एकच, "ती आधीपासूनच अशी आहे," आणि शेवटी, "पण मनाने चांगली आहे हो." बाहेर आल्यावर रोझलिन मला म्हणाली, "तुमचा नवरा देवमाणूस आहे. पण उद्या तुमच्यात काही बिघडलं तरी तो सांभाळून घेईल. मला तुम्हाला लहानपणापासून बघितलेला, तुमची भीड न ठेवणारा माणूस द्या." मला हसूच आलं. असा माणूस जगात एकच, आणि तो माझ्याशी बोलत नाही.

का बोलत नाही, तेही लिहिते. बाबांच्या अंत्यविधीनंतर, चर्चच्या तळघरात कॉफीला जमलेल्या सगळ्या गावासमोर मी तुला कसाई म्हणाले. त्यांचा मेंदू तू संशोधनाला दिलास म्हणून. तू हातातली कॉफी खाली ठेवलीस आणि निघून गेलास. त्याच मेंदूवरून संशोधकांना कळलं की हा आजार आपल्या घराण्यातून येतोय. कुठला जीन बिघडलाय ते कळलं. म्हणून मला रक्त तपासून घेता आलं. तू तेव्हा त्या कागदावर सही केली नसतीस, तर आज कुणाला काही शोधताच आलं नसतं.

तपासणीत काय निघालं ते लिहायचं नव्हतं. तिथल्या सल्लागार बाईंनी बजावलंय, भावाने विचारल्याशिवाय सांगू नका, त्याच्याही जिवाचा प्रश्न आहे. पण ज्यांच्यात तो जीन आहे त्यांनाच चाचणीत घेतात, म्हणजे तू मघाशीच ओळखलं असशील. मूर्ख थोडाच आहेस. हो, माझ्यात आहे. लक्षण अजून एकही नाही, असं डॉक्टर म्हणतात. तुझं तुला कळून घ्यायचं असेल तर घे, नसेल तर नको. मी विषय काढणार नाही.

इथे पत्र संपवून पाकीट बंद केलं होतं. परत फोडलं.

आई गेली त्यानंतरचा जानेवारी. आईच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात केकवरचं क्रीम बोटांनी चाटून बाबा विनोद सांगत होते. तुझी होडी पेट्रोल पंपावरच्या कुणा परक्याला फुकट देऊन आले होते. तू म्हणायचास, "हे बाबा नाहीत. काहीतरी बिघडलंय, दाखवू या." मी म्हणायचे, "बिघडलंय कसलं! आईचा धाक गेला, आता खरे रंग दिसताहेत." त्या जानेवारीत एका दुपारी ते माझ्या दारात आले. मी पडदा सारून बघितलं आणि कडी काढली नाही. ते हाका मारत होते. रागाने नाही रे, जेवायला बोलवावं तशा साध्या हाका. उघड्या हातांनी अर्धा तास बर्फात उभे होते. मग शेजारच्या लेम्पीबाईंकडे गेले. नंतर त्यांना बघून तू मला फोनवर विचारलंस, "त्यांच्या दोन बोटांची टोकं थंडीने काळी कशी पडली?" मी म्हणाले, "हातमोजे हरवले असतील कुठे." मला माहीत होतं, रेनो. मी आत चहा पीत होते.

त्यानंतर तू त्यांना डलूथला घेऊन गेलास आणि चार वर्षं त्यांचं सगळं केलंस. कसाई तू नव्हतास. माझं चुकलं, दोन्ही वेळा चुकलं.

यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलास तरी मी समजून घेईन. म्हणजे आधी चिडेन, मग समजून घेईन.

तुझी बहीण,
आयली


हॅनकॉक
४ एप्रिल

प्रिय रेनो,

घेतलं मला! सकाळी रोझलिनचा फोन आला. सोमवारपासून महिन्यातून एकदा सलाइन, दोन वर्षं. आत खरं औषध असेल की नुसतं पाणी, ते तिथल्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. डेलने तोंड पाडलं. मी म्हटलं, पाणी तर पाणी. पाणी घेणारे असल्याशिवाय औषध लागू पडलं की नाही ते कळणार कसं? बाबांच्या आजाराला तर ते जाईपर्यंत कुणी नावसुद्धा दिलं नव्हतं.

एक कबुली द्यायची आहे. रोझलिनने तुला प्रश्न विचारले त्या खोलीची भिंत पातळ आणि तुझा आवाज लाकूड कापायच्या गिरणीत घडलेला. मी बाहेर बसून सगळं ऐकलं. "वस्तू लपवून ठेवतात का?" "माझ्या लपवायची. सात वर्षांची होती." इथपर्यंत मी हसत होते. मग तिने विचारलं, "अलीकडे वागण्यात अचानक काही बदल?" मी भिंतीला कान लावला. मग म्हणालास, "एक झालाय. तिने पत्र लिहून माझी माफी मागितली. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा. हे लक्षण असेल तर लिहून घ्या." ती बिचारी खरंच लिहायला लागली! "अहो, गंमत केली," म्हणून तू नाक शिंकरलंस, तेही ऐकू आलं.

मी दार न उघडल्याबद्दल तू चकार शब्द काढणार नाहीस असं वाटत होतं. परतताना गाडीत, डलूथ जवळ आल्यावर म्हणालास, "मी एकदा बाबांना रस्त्यात उतरवून गाडी पुढे काढली होती. अर्ध्या मैलावरून परत आलो." गाडीत बोलायचं राहिलं ते आता लिहिते. तू परत आलास. मी उघडलं नाही. दोन्ही एक नाही, पण तू सांगितलंस त्यामुळे मला त्या रात्री झोप लागली.

तुझ्या रक्ताचा विषय मी काढत नाही. तू कधी काढलास, तर तुझ्याबद्दलचे फॉर्म भरायला मी येईन, आणि भीड म्हणशील तर शून्य.

तू भरलेल्या फॉर्मचं शेवटचं पान मला दाखवायला तू परवानगी दिलीस म्हणे. "तुम्ही ओळखत होता तीच ही व्यक्ती आहे का?" खूण करायला चौकोन होता. तो सोडून तू बाजूला लिहिलंस, "तीच आहे. तोंडासकट."

दर सहा महिन्यांनी तुला हेच विचारतील. खरंच सांगायचं. उत्तर बदललं तर तेही सांगायचं. मी भांडेन, नाही नाही ते बोलेन, तरी सांगायचं आणि तिथून उठायचं नाही.

तुझी,
सध्या तरी तीच,
आयली