बावन्न टक्के आणि अर्धी दाढी

प्रिय मोठी आत्या,

नमस्कार. वाकून केला आहे असं समज, कारण मी हे पत्र पोटावर पालथी पडून लिहिते आहे आणि यापेक्षा जास्त वाकता येत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या वेळी तू म्हणालीस की उजवा बरा आहे पण डावा मुळीच ऐकत नाही. आमच्याकडे सध्या सगळीच माणसं डाव्या गुडघ्यासारखी वागत आहेत. आई बरी आहे. बाबा बरे आहेत, म्हणजे ताप वगैरे नाही. मीही बरी आहे आणि नेमकं हेच घरात कुणाला आवडलेलं नाही (इतकं होऊन ही बरी कशी, असं आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतं). तू म्हणशील, फोन सोडून पत्र कशाला? तर फोनवर तू मधेच बोलतेस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. राग मानू नकोस, पण या वेळी मला शेवटपर्यंत बोलायचं आहे.

तर, माझा दहावीचा निकाल लागला. गुरुवारी. एकूण बावन्न टक्के, गणितात अडतीस. पास आहे. (हे शेवटचं वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलं आहे की आता त्याचा अर्थच लागेनासा झाला आहे.)

बाबांनी माझ्याबद्दल काय काय ठरवलं होतं ते तुला माहीत असेलच, तरी सांगते, कारण तुझ्यापर्यंत नेहमी सारांशच पोचतो. गेली तीन वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला केस कापता कापता माझी प्रगती ऐकावी लागते. माणूस एकदा गळ्याभोवती कापड बांधून खुर्चीत बसला की त्याला उठून जाता येत नाही, याचा बाबा पुरेपूर फायदा घेतात. "पंच्याऐंशीच्या खाली येत नाही ती," असं ते सगळ्यांना सांगत. हा आकडा कुठून आला ते मला आजही कळलेलं नाही. सहामाहीत मला एकसष्ट होते. त्यावर बाबा म्हणाले की सहामाहीत मुद्दाम कमी देतात, म्हणजे मुलं गाफील राहत नाहीत. (हे त्यांना एका गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. ते गिऱ्हाईक फर्निचरला पॉलिश करतं.) त्यांचं म्हणणं एवढंच की बावीस वर्षं त्यांनी लोकांच्या मागे उभं राहून लोकांची टाळकी पाहिली, आता मुलीनं खुर्चीत बसावं आणि लोकांनी तिच्यासमोर उभं राहावं. डॉक्टरची खुर्ची असो, मॅनेजरची असो, फक्त फिरणारी असावी. (फिरणाऱ्या खुर्च्या आपल्या दुकानातही दोन आहेत, असं मी एकदा म्हटलं होतं. पुन्हा म्हटलं नाही.)

गुरुवारी शाळेतून निकालाचा कागद पिशवीत घालून निघाले तेव्हा खरं सांगायचं असंच ठरवलं होतं. पण बाबा दुकानाच्या पायरीवर उभे होते, आणि गळ्यात कापड घातलेलं एक अर्धवट गिऱ्हाईकही त्यांच्याबरोबर बाहेर आलं होतं, एका कानावर केस असलेलं आणि एका कानावर नसलेलं. दोघांचे चेहरे असे काही फुललेले होते की माझ्या तोंडून निघून गेलं, "सर्व्हर बंद आहे." बाबांनी लगेच विश्वास ठेवला. यंत्रं बिघडतात यावर त्यांचा गाढ विश्वास आहे. मी घरी जाऊन त्या कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो कपाटातल्या एका मोज्यात कोंबला.

शुक्रवारी दर तासाला त्यांचा फोन. सर्व्हर आला का? नाही, बाबा. आता? नाही. दुकानात ज्याला त्याला सर्व्हरची काळजी लागली होती. कुणी म्हणे लोड आला असेल, कुणी म्हणे मुद्दाम बंद ठेवतात. संध्याकाळपर्यंत तो सर्व्हर म्हणजे घरात अंथरुणाला खिळलेला कुणी नातेवाईक असावा तशी लोक त्याची विचारपूस करायला लागले. मला हसू यायला हवं होतं. मी मोज्यातला तो कागद काढून पुन्हा पाहिला, बावन्नच होते.

आणि शनिवारी सकाळी दात घासता घासता मला आठवलं की आज शनिवार आहे. शनिवारी साडेनऊला आमचे गणिताचे सर बाबांकडे दाढी करायला येतात. त्यांना आम्ही बाकीसर म्हणतो, कारण फळ्यावर काहीही चाललेलं असो, ते मागे वळून एकच विचारतात, "बाकी किती?" निकालाची यादी त्यांच्या सहीनं लागली होती. आणि सर खोटं बोलत नाहीत. त्यांनी एकदा सख्ख्या भाच्याचा अर्धा मार्क कापला होता आणि घरी स्वतःच जाऊन सांगितलं होतं. मी ब्रश तिथंच टाकला आणि पळत सुटले. (चूळ भरायची राहिली.)

दुकानात शिरले तर सर खुर्चीत, मान मागे टेकलेली, चेहऱ्यावर फेस. माझ्याही तोंडाला फेस होताच. आपले ते समोरासमोरचे दोन मोठे आरसे तुला आठवत असतील, ज्यांत एका बाबांचे वीस बाबा दिसतात, लहान लहान होत गेलेले. ते वीसच्या वीस बाबा विचारत होते, "सर, हा निकालाचा सर्व्हर नक्की सुरू कधी व्हायचा?"

सरांनी फेसाखालून कसलासा आवाज काढला. तेवढ्यात त्यांना मी आरशात दिसले. आत्या, त्या माणसाची मला तेव्हा इतकी दया आली! खरं बोलावं तर गळ्यावर वस्तरा, खोटं बोलावं तर जन्माची सवय मोडायची. बाबा म्हणाले, "बोला की सर." सरांनी श्वास घेतला. आता हे बोलणार, हे मला कळलं, आणि का कोण जाणे, ते त्यांच्या तोंडून बाबांनी ऐकू नये असं मला फार आतून वाटलं.

"बाबा," मी म्हटलं, "सर्व्हर चालू आहे. परवापासून."

वस्तरा थांबला. कुठे थांबला तेही सांगते, बरोबर सरांच्या कंठमण्यावर.

"किती?"

"बावन्न."

"गणितात?"

"नाही, एकूण. गणितात अडतीस."

पंखा फिरत होता. सरांनी डोळे मिटले होते. त्यांना आवंढा गिळायचा होता, पण गिळावा तर कंठमणी वर येणार आणि वर वस्तरा, म्हणून ते आवंढा तोंडातच धरून बसले. वर्गात इतका धीर धरताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मग त्यांनी एक बोट वर केलं, त्या बोटानं वस्तरा हळूच बाजूला सारला आणि म्हणाले, "अडतीस तिचे स्वतःचे आहेत. एकही दुसऱ्याच्या पेपरातला नाही." थोडं थांबून, खरं बोलायची खोड असल्यामुळे, पुढे म्हणाले, "बाकी सांगण्यासारखं काही नाही."

बाबांनी उरलेली दाढी केली. आणि बावीस वर्षांत झालं नव्हतं ते झालं. सरांच्या हनुवटीखाली वस्तरा लागला. अगदी बारीकसं, तिळाएवढं रक्त. बाबांनी त्यावर तुरटी फिरवली. बावन्न टक्क्यांचं वाईट वाटलं नव्हतं इतकं मला त्या तिळाएवढ्या रक्ताचं वाटलं. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. सर जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवणार होते, पण सवय नसल्यामुळे त्यांनी तो दाराच्या चौकटीवर ठेवला आणि निघून गेले.

मग बाबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. त्यांना तिथं बसलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

"दर वेळी समजलं म्हणायचीस तू," ते म्हणाले.

"तुम्हाला बरं वाटायचं."

"कधीपासून समजत नव्हतं?"

"आठवीपासून. आकड्यांमध्ये अक्षरं आली."

"अक्षरं कशाला?"

"तेच तर कळलं नाही."

आता हसतील असं मला क्षणभर वाटलं. नाही हसले. आरशाकडे बघत म्हणाले, "मला वाटायचं, तू हुशार आहेस."

"मलाही वाटायला लागलं होतं, बाबा. तुम्ही इतक्यांदा सांगितलंत."

यावर ते काय म्हणाले असते कोण जाणे, कारण तेवढ्यात पेन्शनर काका आले. (म्हणजे ते फर्निचरवाले नव्हेत. हे रोज येतात, केस असोत नसोत.) खुर्चीत बसता बसताच त्यांनी विचारलं, "काय, आला का सर्व्हर शुद्धीवर?" मी कोपऱ्यात झाडू घेऊन उभी. मला वाटलं, आता बाबा पंच्याऐंशी सांगतील आणि मग जन्मभर मला या रस्त्यावरून पंच्याऐंशी टक्के पडलेल्या मुलीसारखं चालावं लागेल. बाबांनी कापड झटकलं, बांधलं, केसांवर पाणी मारलं.

"आला. बावन्न," ते म्हणाले.

काका गर्रकन वळले. "बाव..."

"मान खाली," बाबा म्हणाले आणि कात्री चालवायला लागले.

मग दिवसभर हेच. दारातून माणूस आत आला की चौकशी, चौकशीला उत्तर बावन्न आणि लगेच मान खाली. माझ्यामुळे बाबांना चार लोकांत मान खाली घालावी लागणार, ही भीती मी दोन दिवस पोटात घेऊन फिरत होते. प्रत्यक्षात शनिवारी अकरा जणांनी मान खाली घातली आणि बाबा एकटे ताठ उभे होते. (त्यातला एक नुसता दाढीला आला होता. त्यालाही घालायला लावली.) पण म्हणून सगळं गोड झालं असं समजू नकोस. मी केस झाडत तिथंच होते आणि ऐकत होते. दर वेळी ते बावन्न थोडं थोडं खाली येत होतं. शेवटच्या गिऱ्हाइकाला तर ते ऐकूच आलं नाही. त्यानं "काय म्हणालात?" असं विचारलं आणि बाबांना पुन्हा सांगावं लागलं.

घरी आल्यावर त्यांनी ताटाला हात लावला नाही. आईला विचारलं, "तुला माहीत होतं?" आई म्हणाली, "गुरुवारीच." आई दिवसभर हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालते, वाकडी घडी तिला दुरून दिसते. मी मोज्यात कशाबशा कोंबलेल्या त्या कागदाच्या कडा शुक्रवारी नीट जुळलेल्या होत्या, आणि मला संशयसुद्धा आला नाही. (अडतीस काही उगाच पडले नाहीत.)

"मग बोलली का नाहीस?"

"तिनं आपणहून सांगावं म्हणून."

"आणि सांगितलंच नसतं तर?"

"तर सोमवारी मोजे धुवायला काढले असते," आई म्हणाली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

मग बाबांनी मला विचारलं, पुढं काय करायचं म्हणतेस. मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "मलाही माहीत नाही." आत्या, माझ्याबद्दलची एखादी गोष्ट बाबांना माहीत नाही, असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मला भीती वाटली आणि थोडं मोकळंही वाटलं. दोन्ही एकदम वाटतं का गं? आईनं ताट पुन्हा पुढे सरकवलं, त्यांनी अर्धं खाल्लं. तेव्हापासून ते माझ्याशी मोजून बोलतात. दार लाव. पंखा कमी कर. आज सकाळी मात्र "चहा घेतेस?" असं विचारलं. मी दोन कप प्यायले.

तर असं आहे. तब्येतीला जप, जिना चढू नकोस, आणि उत्तर पाठवलंस तर मला वेगळं पाठव.

तुझी (पास झालेली) भाची

ता. क. खरं काम आता लिहिते. बाबांनी अकरा माणसांना सांगितलं, पण तुला सांगता येत नाहीये. त्या सगळ्यांना त्यांनी पाठीमागे उभं राहून सांगितलं, तुझ्या पाठीमागे उभं राहता येत नाही. काल दुपारी चार वेळा तुझा नंबर लावला आणि घंटी जायच्या आत बंद केला. बाबांना शिकता यावं म्हणून तू सातवीत शाळा सोडलीस आणि बाबा नववीत नापास होऊन कात्री धरून बसले, हे मला आईनं काल सांगितलं. मला आधी माहीत नव्हतं. मला वाटतं, ते पंच्याऐंशी माझ्यासाठी नव्हतेच, तुला द्यायचे होते. तर त्यांचा फोन आला की तुला काही माहीत नाही असं दाखव. ते आधी हवापाण्यावर बोलतील, मग तुझ्या गुडघ्यांवर, मग कदाचित ब्याऐंशी म्हणतील. तू रागावू नकोस, घाई करू नकोस, नुसतं "मग?" म्हणत राहा. हळूहळू उतरतील. बावन्नपर्यंत आले की जे म्हणायचं ते म्हण, पण आधी एक क्षण थांब.

ता. क. २. हे पत्र बाबांना कळता कामा नये. तुझ्या नव्या घराचा पत्ता फक्त त्यांनाच माहीत आहे, तेव्हा पाकिटावर तो त्यांच्याकडूनच घालून घेणार आहे. आत फक्त गुडघ्यांची चौकशी आहे असं सांगेन.

ता. क. ३. ताई, पोरगी पाकीट चिकटवायला विसरली. उभ्या उभ्या सगळं वाचलं, एक गिऱ्हाईक थांबलंय. पोरीला बावन्न टक्के पडले. फोनवर जमलं नसतं, म्हणून इथं लिहितो. तुला काय वाटेल ते मला माहीत आहे. बोलायचं ते मला बोल, कितीही बोल, मी ऐकून घेईन. तिला नको.