झालं म्हणून काढलं

दारव्हा, जि. यवतमाळ
फेब्रुवारी १९६४

प्रिय विमलताई,

हे पत्र कुणाचं ते अक्षरावरून तुला कळणार नाही, कारण माझं अक्षर तू कधी पाहिलेलं नाहीस. मी कौसल्या, तुझी पूर्वीची वहिनी. तू माझ्याहून लहान, पण तुमच्या घरी मला तुला ताई म्हणायला शिकवलं आणि ते तोंडात बसलं, म्हणून तसंच लिहिते. शेजारच्या जमनाबाई म्हणाल्या, पत्रात आधी खुशाली विचारतात. तर तू कशी आहेस? माझी तब्येत बरी आहे. माय मागच्या श्रावणात गेली. मी रडले नाही आणि लोकांनी ते लक्षात ठेवलं आहे. बा अजून जिनात हमालीला जातो. कापसाचे दिवस असले की मी वेचणीला जाते. तू दुसरीपर्यंतच शिकलीस हे मला आठवतं, म्हणून अक्षरं मोठी काढते आहे. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल.

तुमच्या घरी मी वर्षभर होते, पण मी अशी का, हे तिथं कुणी विचारलं नाही आणि मलाही सांगता आलं नसतं. आता थोडं सांगता येतं. मी लहानपणी फार उशिरा बोलले. आमचं घर कापसाच्या जिनाजवळ. सरकी काढायची यंत्रं सुरू झाली की मी कानात बोटं घालून माजघराच्या कोपऱ्यात कपाळ टेकून बसायची, ती भोंगा होईपर्यंत. माणसांच्या तोंडाकडे मला बघवत नसे. तोंड सारखं हलतं, डोळे एक सांगतात, ओठ दुसरं. मायला वाटायचं मी हट्टी आहे. ती हनुवटी धरून माझं तोंड वर करायची, "इकडं पाह्य वं, मायकडं पाह्य," आणि मी किंचाळायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, पोरगी येडी हाय. बा मात्र काही म्हणायचा नाही. तो माझ्या शेजारी बसून भाकर खायचा आणि उठून जायचा. मला ते आवडायचं.

शाळेत मला चौथीपर्यंत ठेवलं. तिथं एकदा पोरांनी माझी ओढणी विहिरीत टाकली. घरी आल्यावर माय विचारत राहिली आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. मग मी चुलीतला कोळसा घेतला आणि भिंतीवर विहीर काढली, काठावरची पोरं काढली, पाण्यावर ओढणी काढली. मायनं ते पाहिलं आणि ती तडक शाळेत गेली. त्या दिवसापासून मला कळलं की जे बोलता येत नाही ते काढता येतं. मग रोज संध्याकाळी मी दिवसभरात जे झालं ते भिंतीवर काढू लागले. कोळसा, चुना, गेरू, कधी नीळ. दुसऱ्या दिवशी माय सारवायची, मी पुन्हा काढायची. यात मला काही विशेष वाटत नव्हतं. लोक रात्री जेवताना दिवसभराचं बोलतात, तसं ते होतं.

छप्पन साली दसऱ्याला आमच्याकडचे सगळे नागपूरला दीक्षा घ्यायला गेले. तुम्हीही गेला होतात, तू मला सांगितलं होतंस. आम्ही यवतमाळपर्यंत छोट्या गाडीनं आणि पुढं कुठं पायी, कुठं मिळेल त्या मोटारीनं गेलो. एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. बानं माझ्या हातात त्याच्या धोतराचा सोगा दिला आणि म्हणाला, "सोडजो नको. वर पाहू नको. फक्त माह्या पायाकडं पाह्य." मी तसंच केलं. त्यामुळं नागपूर म्हटलं की लोकांना पांढऱ्या लुगड्यांचा समुद्र आठवतो आणि मला पाय आठवतात. भेगांचे, धुळीचे, अनवाणी, टायरच्या चपला घातलेले, एका म्हातारीचे सुजलेले, एका बाईचे जोडवी काढून टाकल्यामुळं बोटांवर पांढरे वण असलेले. परत आल्यावर बानं घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. देव असायचे त्या देवळीच्या मागची भिंत तेवढी धुरानं काळी व्हायची राहिली होती. बा म्हणाला, "कौसल्ये, हे भित आता तुयी." माझ्या नावावर काही झालं ते तेवढंच.

मग माझं लग्न झालं. लग्नात वाजंत्री होती आणि मी बैलगाडीखाली जाऊन बसले, ते तुला आठवत असेल, कारण मला बाहेर काढायला तूच आली होतीस. बाकीचे सगळे ओढत होते. तू खाली वाकलीस, बोलली काहीच नाहीस, तुझा हात जमिनीवर उघडा ठेवून तशीच थांबलीस. वाजंत्री थांबल्यावर मी स्वतःच आले. पुढं पाण्याला जाताना तू माझ्यापुढं चालायचीस आणि मागं वळून बोलायची नाहीस. तुझ्या मायला वाटायचं तू मला टाळतेस. मला ठाऊक होतं तसं नाही. मी तुला हे तेव्हा सांगितलं नाही.

तुझा भाऊ वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्याला बोलणारी बायको हवी होती. तो शेतातून यायचा, काही विचारायचा, मी उत्तर जुळवत असायची आणि ते जुळेपर्यंत तो चिडलेला असायचा. तुझी माय म्हणायची, "सून आनली का मुकी गाय?" एका दुपारी मी त्याच्यासाठी भाजी वाढली नाही, कारण तो भाजी मागून राहिला आहे हे मला कळलंच नाही. मी घराच्या पत्र्यावर पडणाऱ्या चिंचांचा आवाज ऐकत होते. त्यानं तुराटीचा फोक, तुरीच्या झाडाची वाळकी काठी, उचलला. संध्याकाळी मी रोजच्यासारखं भिंतीवर काढायला बसले. आतल्या भिंतीवर ओल होती म्हणून बाहेरच्या भिंतीवर काढलं. ताट काढलं, माणूस काढला, वर गेलेला हात काढला, तुराटी काढली आणि खाली बसलेली मी. ती भिंत रस्त्याच्या बाजूची होती. दिवे लागायच्या आत अर्धी वस्ती ते बघून गेली.

तू पळत आलीस. तुझ्या हातात शेणाची पाटी होती, तुझ्या मायनं दिलेली. तू विचारलंस, "वयनी, हे काहून काढलं वं?" मी म्हणाले, "झालं म्हनून." तू पाटी खाली ठेवलीस. मग तू भिंत सारवलीस. सारवण एकसारखं झालं नाही. लोकांना वाटलं मी नवऱ्याची तक्रार गावापुढं मांडली. मी तक्रार केली नव्हती. पण त्यावर बोलायला मला कुणी बोलावलंही नाही. दोन्हीकडची माणसं बसली, फारकत ठरली आणि बा मला घेऊन आला. सगळ्या वाटेवर तो एकदाच बोलला, "हात चांगला काढला व्हता तू."

आता इकडचं सांगते. वस्तीनं मिळून विहार बांधला आहे. विटामातीचा, वर कवेलूंचं छप्पर. दोन वर्षांपूर्वी वैशाख पौर्णिमेच्या आधी त्याची आतली मोठी भिंत रंगवायची ठरली. रामराव विहाराचं बघतात. ते बाला म्हणाले, तुमच्या पोरीला रंग येतो, तिलाच सांगा. त्यांना वाटलं मी कमळं काढीन, वेल काढीन. मला सांगितलं होतं की आपल्या धम्माचं चित्र काढ. मी विचार केला, त्यातलं मी स्वतः काय पाहिलं? मग मी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नागपूरला चाललेले पाय काढले. गुडघ्याच्या खालचे. गेरू, पिवळी माती, काजळी. तिथं आवाज नव्हता. बा बाहेर बसून कुणाला आत येऊ देत नव्हता. असे चांगले दिवस मला परत मिळाले नाहीत.

पाहायला लोक आले. मग रामराव म्हणाले, "कौसल्या, मान्साचे चेहरे कुठं हायत?" मी म्हणाले, "मी पाह्यले नाई." मागून कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, विहारात पाय काढते का, हे काय अपमान करून राह्यली. चुना आणायचं ठरलं. मी तिथंच उभी होते. मला वाईट वाटत होतं की नाही हे मी तुला नीट सांगू शकत नाही.  तेवढ्यात जमनाबाई पुढं झाल्या. त्यांचा नवरा नागपूरहून आल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात पटकीनं गेला. त्या भिंतीजवळ बसल्या आणि एका टाचेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे फडकं माह्या लुगड्याचं व्हय. याचा काठ लाल. वर्ध्याच्या अलीकडं टाच फुटली त मीच फाडून बांधलं व्हतं." मग त्या रामरावांकडे वळल्या, "यायला चुना नाई लावाचा. माह्या मान्साचा फोटो नाई माह्यापाशी."

मग एकेक जण खाली वाकून शोधू लागला. काहींना आपले पाय सापडले, काहींना नाही. ज्यांना सापडले नाहीत ते माझ्यावर अजूनही थोडे नाराज आहेत. सगळे पाय मी पाहिले नव्हते, त्याला माझा इलाज नाही. शेवटी असं ठरलं की वरच्या अर्ध्या भिंतीवर यवतमाळचा पेंटर भगवान बुद्धाचं चित्र काढेल आणि खालचे पाय राहू द्यायचे. पेंटर आला, त्यानं छान चित्र काढलं आणि जाताना उरलेला हिरवा रंग मला देऊन गेला. आता वस्तीतल्या बाया मला घरच्या भिंती रंगवायला बोलावतात. मला येडी म्हणणारेही बोलावतात. त्यांनी म्हणणं थांबवलेलं नाही, फक्त आवाज खाली आला आहे.

या चार वर्षांत मी स्वतःचा पुष्कळ विचार केला. इतर माणसांच्या डोक्याला दार असावं. नको ते आलं की ती दार लोटून घेतात. माझ्या डोक्याला नुसती चौकट आहे. आवाज, वास, लोकांचं बोलणं, जनावराच्या गळ्यातली घंटा, सगळं एकदम आत येतं आणि मी त्यातलं एकेक बाजूला करत बसते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं ही नुसती बसली आहे. मी तेव्हा खूप काम करत असते. भिंतीपुढं बसले की आत आलेलं एकेक बाहेर ठेवता येतं. मग झोप लागते. मला प्रेम वाटत नाही असं तुझी माय म्हणायची. मला ते वाटतं. ते तोंडापर्यंत यायला वेळ लागतो आणि तोवर समोरचा निघून गेलेला असतो.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुझ्या सासरच्या गावचा उकंडा नावाचा माणूस परवा बैल बघायला इकडच्या बाजारात आला होता. तो बाला सांगत होता, मी पाठीमागं उभी होते. तुला मुलगी आहे, ती तीन वर्षांची होऊन गेली तरी बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, कुणी उचललं तर डोकं आपटते, आणि तू शेतात गेलीस की तुझ्या घरचे तिला खाटेच्या पायाला बांधून ठेवतात. तू वर्षभर माझ्या हातचं खाल्लंस म्हणून पोर अशी निघाली असं तुझी सासू म्हणते, आणि होळीनंतर तिला दूर कुठंतरी सोडून यायचं बोलणं चाललं आहे, हेही तो म्हणाला. माझ्या हातच्या अन्नाचं मला माहीत नाही. पण तुझी पोर आत काय करते आहे ते मला माहीत आहे, आणि ते ठाऊक असणारं दुसरं कुणी मला तरी दिसलेलं नाही. ती बोलेल की नाही हे मी सांगू शकत नाही, खोटं कशाला लिहू. दोर मात्र आजच सोड. तिचं तोंड धरून वळवू नका. मी पुढच्या आठवड्यात येते आहे. यवतमाळपर्यंत गाडी, पुढं राळेगावची यष्टी. एकटी मी कधी गेले नाही आणि मला फार भीती वाटते आहे, हे बाला सांगितलेलं नाही. तुझ्या घरच्यांनी आत घेतलं नाही तर मी ओट्यावर बसेन, मला सवय आहे. दोघींना इकडं यायचं असेल तर बानं जागा करून ठेवली आहे. तुला ठरवायला वेळ लागला तरी मी थांबेन. उकंडा सारखं "थे मुकी, थे मुकी" म्हणत होता. मी तिचं नाव विचारलं तर ते त्याला ठाऊक नव्हतं. मी आले की बाकी काही बोलायच्या आधी मला तिचं नाव सांग.

वाट बघ, मी निघालेच,
तुझीच
कौसल्या