राखेच्या राजाला काय हवं होतं

३ जून, सोमवार
आजही राखेचा राजा जमला नाही! अख्खी कादंबरी माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित होतेय, आणि गाडी अडते ती या खलनायकापाशी. सख्ख्या भावाचं शहर पेटवतो. पळणाऱ्यांना भाल्याने भोसकून परत आगीत ढकलतो. घसा फाटेस्तोवर ओरडून वाचलं. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "मॅडम, नुसता आरडाओरडा होतोय. याला हवंय तरी काय?"
मला काय ठाऊक!

४ जून
सापडलं! आईने टाकलेलं पोर ते. माणसं सोडून जातील या भीतीपोटी मारत सुटतो. आवाजात किंचित रडू आणलं — रेकॉर्डिस्ट खूश.

७ जून, शुक्रवार
दुपारी ताईकडे. राजा राणीची जीभ छाटतो ते प्रकरण तिला ऐकवलं. भाजी चिरता चिरता तिची सुरी थांबली.
"हे रडू कशाला घातलंस?"
म्हटलं, अगं, आतून तो घाबरलेला —
"घाबरलेला? नीट वाच. आधी बोटातली अंगठी काढून ठेवतो. भान सुटलेला माणूस अंगठी काढेल?"
मी वाद घालत राहिले. तिने बाही वर केली. दंड काळानिळा, जुन्या वळांवर नवे वळ.
"तुझे भावजी घड्याळ काढतात. काच फुटेल म्हणून."
भावजी! मला अजून 'छोटी' म्हणतात ते!
"पण का मारतात?" — मूर्खासारखं विचारलं मी.
"आवडतं म्हणून."
माझ्याकडे चल म्हटलं, हात धरून ओढलं. "बघू," म्हणाली, आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.

८ जून
तेच प्रकरण पुन्हा वाचलं. रडू नाही, राग नाही. राणीचा जबडा धरताना आवाज अगदी मऊ, निवांत. हाताला लागलेलं रक्त तिच्याच पदराला पुसतो, तेही निवांत. रेकॉर्डिस्टने हेडफोन उतरवले. "बास, मॅडम. हाच तो." इतकं सोपं होतं!

९ जून
ताई फोन उचलत नाही.

१० जून, सोमवार
सकाळी तिचाच फोन. आवाज सपाट. "ये. पोलिसांना मीच बोलावलंय. तुझे भावजी स्वयंपाकघरात पडलेत. संपले."
"ताई!"
"आणि हे बघ — मी घाबरून केलं, असं कुणाला सांगू नकोस."