वाळत की वाळीत

११ जानेवारी
पूर्वानेही फॉर्म भरला. मुंबईचाच, तोच एम.ए., गुन्हेगारी आणि न्याय. आज महाड स्टँडवर वडापाव खाता खाता सांगते, "अगं, मी पण टाकलाय. बघू, लागला तर लागला." लागला तर लागला! मी कॉलेज संपल्यापासून वकीलबाईंच्या ऑफिसात जामिनाचे अर्ज टाइप करत बसलेय ते ह्यासाठी. आणि असा काही कोर्स असतो हे तिला कळलं कुठून? माझ्याच तोंडून. जीभच हासडायला हवी माझी.
यापुढे पू. एवढंच लिहिणार. पूर्ण नावाला शाई घालवायची नाही.

१९ जानेवारी
हा कोर्स का करायचाय ते एक पान इंग्रजीत द्यायचंय. वकीलबाई म्हणाल्या, "पुस्तकातलं लिहू नकोस, तुझं लिही." माझं म्हणजे ते एकच. पाण्याच्या पाइपावरून भांडण, बाबांचं डोकं फुटलं, बाबा गावकीला न विचारता पोलिसात गेले. मग गावकीने आम्हाला वाळीत टाकलं. गावकीचे पुढारी अण्णा, म्हणजे पू.चे वडील. त्या साली पू. महाडात कॉलेजात माझ्या गळ्यात गळा घालायची, आणि पोलादपूरला एसटीतून उतरली की वाडीच्या रस्त्याला झपझप पुढे. ओळख ना पाळख.
शेवटी बाबांनी देवळात नारळ ठेवला. "चूक पदरात घ्या" म्हणाले. चूक कोणाची!
सगळं मराठीत लिहिलं, इंग्रजी मोबाइलने करून दिलं. पाठवून मोकळी झाले.

१६ फेब्रुवारी
लेखी परीक्षेत दोघी पास. पू. अभ्यास न करता. म्हणे, "पेपर सोपाच होता." आई म्हणते, "बरं झालं गो, मुलाखतीला सोबत होईल." सोबत! हिच्या सोबतीत मी कायम हिच्या मागची.

शिमगा
पालखी आली. वाळीत होतो त्या वर्षी आईने असंच अंगण सारवलं होतं, रांगोळी घातली होती. पालखी आमचं दार सोडून गेली आणि आई ओवाळणीचं ताट घेऊन उभीच राहिली. आज अण्णांच्याच खांद्यावर पालखी. आमच्या अंगणात नाचवली. आई रडली, बाबा अण्णांना पाणी द्यायला धावले. मला इतका राग आला की आत जाऊन भांडी घासत बसले.
अण्णा जाताना: "काय गो पोरी, मुंबईला निघाल्यात म्हनं दोघी?"
पू. हिरव्या साडीत. बायका म्हणतात, "अण्णांची पूर्वा मोठी साहेबीण होणार हाय." मी पण तिथेच उभी होते की. दिसली नाय कोणाला.
साडी चांगली दिसत होती तिला. मेली.

२७ मार्च
मुलाखत झाली. आधी एसटीतलं लिहिते.
माणगावच्या पुढे पू. म्हणाली, "तुझं पान दाखव ना." दाखवलं. वाचता वाचता खो खो हसायला लागली. "अगं, 'पुट आउट टू ड्राय बाय द व्हिलेज' काय लिहिलंयस? गावाने वाळत घातलं? आपण काय बोंबील आहोत गो?" मोबाइलने वाळीतचं वाळत केलं आणि मी आंधळ्यासारखं पाठवलं. सगळी एसटी बघायला लागली. मग तिने पुढचं वाचलं आणि तिचं हसू आटलं. पार पनवेलपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.
आत मॅडमनी तेच विचारलं. "ड्राय म्हणजे?" माझं इंग्रजी बसलं. म्हणाल्या, मराठीत सांग. मग सांगितलं, पालखीचं, आईच्या ताटाचं. दुसरे सर: "मग त्या लोकांना काय शिक्षा व्हावी?" मी म्हटलं, तुरुंग नको. आमच्या दारात येऊन त्यांनी म्हणावं, चूक पदरात घ्या. बास.
मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, जिंकले.
मग पू. आत गेली. बाहेर आली तर डोळे लाल. "काय सांगितलंस?" तर म्हणाली, "पालखी तुमच्या दारावरून पुढे न्या असं सांगणारे माझे वडील होते, ते सांगितलं. आणि मी गप्प बसले, ते पण."
मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. माझ्या घरचं दुखणं, माझ्या आईचं ताट, आणि त्यातही मोठा घास हिलाच. आता बघा, हिचीच वाहवा होणार. बाप गुन्हेगार आणि लेक शूर!

२४ एप्रिल
यादी लागली. पू.चं नाव आहे. मी वेटिंगला, पहिली.
आई म्हणाली, "म्हंजे झालाच की गो." नाय झालं, आई. कोणीतरी जागा सोडली तर होईल.
वकीलबाईंनी पेढा दिला. कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

२६ एप्रिल
सकाळी पू.चा फोन. तिने मुलाखतीत काय सांगितलं ते परवा स्वतःच अण्णांना सांगून टाकलं. कोणी विचारलं होतं? अण्णा म्हणाले, "बापाची अब्रू मुंबईत नेऊन वेशीला टांगलीस. आता मुंबईचं नाव काढायचं नाय." तेव्हापासून घरात तिच्याशी कोणी बोलत नाही. तिची आई ताट पुढ्यात सरकवते आणि निघून जाते.
"मला घरातच वाळीत टाकलंय गो."
माझ्या तोंडून गेलं, "वाळीत की वाळत?"
ती हसली. मग रडायला लागली. खरं सांगते, पहिल्यांदा काय आलं मनात? हे पण घेतलंस? एवढं एक आमच्याकडे होतं.
मग म्हणाली, "तू ये ना. तू सांग अण्णांना, मला जाऊ द्या म्हणून. तुझ्यापुढे त्यांना बोलायला तोंड नाही." सोमवारपर्यंत तिने प्रवेश नाही घेतला तर जागा वेटिंगला जाणार. वेटिंगला पहिली कोण ते तिला माहीत आहे. तरी मलाच बोलावते. मूर्ख आहे की चांगली आहे, कळत नाही, आणि चांगली असेल तर अजूनच राग येतो.
गेले तर पुन्हा आम्हीच त्यांच्या दारात, हात जोडून. नाही गेले तर जागा माझी. मला काही करायचंसुद्धा नाही, नुसतं तोंड फिरवून झपझप पुढे चालायचंय, ती चालायची तसं.
बाबा म्हणाले, "तुझं तू बघ."
चप्पल घालून उंबऱ्यावर बसून हे लिहितेय. इथून अण्णांचं दार दिसतं. पू. अंगणात उभी आहे, आमच्याच दाराकडे बघत.